गाठोडं पोहोचलं, विठ्ठल

विठ्ठल,

तुझं तेरावं झालं आणि मंदा किकवीहून भोरला आली ती थेट माझ्या दारात. तिच्या काखेत काय आहे ते तिनं सांगण्याआधीच मी ओळखलं. निळ्या चादरीत गुंडाळलेला आपला लॅपटॉप. अरे, याला चांगल्या पिशव्या मिळतात, असं मी दर खेपेला म्हणायचे आणि दर खेपेला तू म्हणायचास, "बाई, चादर धुता येती."

तुझी बायको बसली नाही. पाणी घेतलं आणि उभ्यानंच बोलली, "ह्ये तुमचं काम तुमच्याजवळ असू द्या, बाई. मला ह्यातलं काय कळत न्हाई. आनि आत्याबाईंनी निरोप दिलाय, म्हसरं इकायची ठरली. रविवारी टेम्पो येनार. मग त्या बी किकवीला माझ्याजवळच ऱ्हानार."

तुझी आई म्हशी विकणार. मंदासमोर मी नुसती मान हलवली. ती गेल्यावर मात्र दाराला टेकून तशीच उभी राहिले. इतक्या वाड्यांवरच्या इतक्या माणसांच्या हाका आपण जमवल्या, विठ्ठल, आणि तुझ्या आईची हाक आपल्याकडे नाही.

रविवारनंतर ती मिळणार नव्हती. हाक माणसाच्या गळ्यातून निघत असली तरी ती जनावराच्या कानासाठी असते. जनावर समोर नसताना ती खरी मारता येत नाही, हे आपण दर फेरीत पाहिलं. भिंतीकडे तोंड करून मारलेली हाक म्हणजे अर्थ न कळता पाठ म्हटलेली व्याख्या.

रविवारी जायचं आणि ती हाक घ्यायची, असं मी ठरवलं. लॅपटॉप उघडला, माइक जोडला आणि चाचणी म्हणून माझाच आवाज घेऊ लागले. पडद्यावर उत्तर आलं: जागा शिल्लक नाही.

हा मजकूर तुझ्यासाठी आहे. पण ज्यांनी आपल्याला हाका दिल्या तेही तो वाचतील, म्हणून तुला ठाऊक असलेलं थोडं पुन्हा सांगते. पहिल्या बाकाला कंटाळा आला तरी शेवटच्या बाकासाठी उजळणी करावी लागते.

तू आठवीत होतास. गुंजवण्याच्या वरच्या अंगाला असलेल्या धनगरवाड्यावरून भोरच्या वसतिगृहात आलेला आणि वर्गात सहसा न बोलणारा. ध्वनीचा धडा चालू होता. मी फळ्यावर दोन लाटा काढल्या होत्या, एक पसरट आणि एक दाट, आणि आवाजाची उंची समजावत होते. तू हात वर न करताच म्हणालास, "आमची आई चांदीला हाक मारती तवा मोरी मान बी हालवत न्हाई."

"म्हशीला स्वतःचं नाव कळतं, असं म्हणायचं आहे का तुला?"

"नाव न्हाई वो बाई. चाल कळती."

वर्ग हसला. मी हसले नाही, पण विश्वासही ठेवला नाही. म्हणाले, "शास्त्रात नुसतं सांगून भागत नाही, विठ्ठल. पुरावा आण."

तू पुरावा आणायला निघालास, पण फार लांबच्या रस्त्यानं. आधी शिकलास, पुण्याच्या कंपनीत संगणकाच्या कामाला लागलास, किकवीत घर बांधलंस, मंदाशी लग्न केलंस. मी निवृत्त झाले. तुझ्या घरच्या गोठ्यात पहिल्या चांदीची नात आली आणि तुझ्या आईनं तिलाही चांदीच म्हटलं, मोरीचंही तसंच. मग एका सकाळी तू माइक घेऊन माझ्या दारात हजर. "बाई, पुराव्याचं राहिलंय आपलं."

तिथून आपल्या सुट्टीच्या दिवसांच्या फेऱ्या सुरू झाल्या. म्हशीची हाक, शेळ्यांची हाक, वासराला मागं ठेवून गाईला पुढं काढायची हाक, दरीपलीकडच्या वाड्यावरच्या माणसाला बोलावायची हाक. माइक थेट लॅपटॉपला जोडलेला. एकेका हाकेच्या निदान तीन आवृत्त्या व्हायच्या: पहिली कच्ची, म्हणजे माइक चालू केल्यापासून बंद करेपर्यंतचं सगळं; दुसरी कापलेली, फक्त हाकेपुरती; तिसरी वाऱ्याचा आवाज काढून साफ केलेली.

हे सगळं तू गिटमध्ये ठेवायचास. गिट म्हणजे केलेला प्रत्येक बदल लक्षात ठेवणारी आणि हवं तेव्हा मागच्या रूपाकडे परत नेणारी व्यवस्था. आवाजाच्या फाइली फार मोठ्या असतात, म्हणून गिटच्या मुख्य नोंदीत त्यांची फक्त एक छोटी चिठ्ठी राहते: अमुक खुणेची, अमुक आकाराची फाइल. खरी फाइल कोठारात जाते. कोठारं दोन. एक लॅपटॉपच्या पोटात, दुसरं दूर, भाड्यानं घेतलेल्या सर्व्हरवर. डोळ्यांसमोर एकच साफ केलेली हाक दिसते, पण पोटातल्या कोठारात तिची प्रत्येक जुनी आवृत्ती बसून असते. जागा खाल्ली होती ती त्यांनी.

हे तू मला किती वेळा सांगितलंस! आपला सर्वांत लांबलेला वाद तोच.

"बाई, जुनं छाटूया. पलीकडच्या कोठारात समदं हाय."

"असेल. पण इथलं कशाला काढायचं?"

"नवं कुठं ठेवू मग? तुमच्या डोक्यावर?"

"आहे अजून जागा."

"तुमी पोरांच्या जुन्या उत्तरपत्रिका बी ठेवल्या असत्याल."

"आहेत की. माळ्यावर. तुझीही आहे."

तू कपाळावर हात मारून घेतलास. मग जरा वेळानं, अगदी वेगळ्या आवाजात विचारलंस, "किती मार्क पडल्यात?"

शेवटी मी एक अट घातली. जुनी आवृत्ती इथून काढायची असेल, तर ती पलीकडे खरोखर आहे का, हे आधी ताडून पाहायचं. प्रत्येक फाइलचं. त्यावर मात्र तू चिडलास.

"ताडत बसलो तर अर्धा दिस जाईल, बाई. म्या पाठवलंय म्हंजी पाठवलंय."

"तू पाठवलंस, हे मला मान्य आहे. पोहोचलं का, हा वेगळा प्रश्न आहे."

"पाठवलं की पोचतंच की!"

"गृहपाठ केलाय म्हणणारी मुलं मी आयुष्यभर पाहिली आहेत, विठ्ठल."

तू ताडायला तयार नव्हतास आणि मी ताडल्याशिवाय काढू देणार नव्हते. छाटणी तशीच राहिली. तू एवढ्या लवकर उत्तर न देता उठून जाशील, असं मला वाटलं नव्हतं.

दुसरा वाद कापण्यावरून. तू हाकेच्या आजूबाजूचं सगळं कापायचास. माझे प्रश्न, तुझं हसणं, म्हातारीनं नातवाला घातलेली शिवी, सगळं. हाक कुणी, कुणासाठी, कशी मारली हे त्या बोलण्यातच असतं, असं मी म्हणायचे. तुझं उत्तर ठरलेलं, "लोकास्नी हाक ऐकायची हाय बाई, तुमची तोंडी परीक्षा न्हाई."

असो. जागा शिल्लक नव्हती आणि रविवार येत होता. शेजाऱ्यांनी सुचवलं, बाहेरून जोडायची एखादी डिस्क आणा. सोपं होतं. पण नवी पेटी आणून जुना पसारा तसाच ठेवायचा, हा माझा स्वभाव तूच मला वारंवार दाखवून दिला होतास. मी ठरवलं की तुझं म्हणणं आता ऐकायचं. छाटणी करायची, पण माझ्या अटीवर. दोघांचंही राहील.

या छाटणीच्या आज्ञेला प्रून म्हणतात. तिला ड्राय रन असं जोडलं, की ती काहीही काढत नाही, फक्त काय काढणार आहे ते सांगते. कापडाला कात्री लावण्याआधी खडूनं खूण करून पाहावी, तसं. मी ते जोडलं. उत्तर आलं. आज वापरात असलेल्या आवृत्त्यांना ती हात लावणार नव्हती. जे अजून पाठवलेलंच नाही असं तिला ठाऊक होतं, त्यालाही नाही. बाकीचं जुनं काढलं तर सुटणारी जागा तुझ्या आईच्या हाकेला पुरून उरणार होती. तू शेजारी असतास तर म्हणाला असतास, "मारा की आता एन्टर."

मी एन्टर मारलं नाही. आज्ञेला आणखी एक सूचना जोडली, व्हेरिफाय रिमोट. म्हणजे काढण्याआधी दूरच्या कोठारात जाऊन प्रत्येक फाइल आहे का, ते ताडून ये. अर्धा दिवस लागला नाही, विठ्ठल. चहा उकळून गाळेपर्यंत उत्तर तयार होतं. हे तुला सांगायलाच हवं होतं.

उत्तर असं होतं: काही फाइली दूरच्या कोठारात नाहीत, म्हणून एकही काढलेली नाही.

कप मी ओट्यावरच ठेवला. खुणांवरून चिठ्ठ्या शोधल्या. सगळ्या एकाच फेरीतल्या निघाल्या. हिर्डोशीच्या वरच्या वाड्यावरच्या, तुझ्या शेवटच्या फेरीच्या.

त्या फेरीला मी नव्हते. गुडघा साथ देत नव्हता. तू मुक्कामाला गेलास, संध्याकाळी हाका घेतल्यास, तिथंच बसून कापल्यास आणि साफ केल्यास. सकाळी खाली येताना वरंधा घाटाच्या रस्त्यावरच्या तुझ्या ठरलेल्या वळणावर थांबलास. तिथं मोबाईलला जेमतेम रेंज येते. एवढ्याशा रेंजमध्ये मोठ्या फाइली जात नाहीत, म्हणून आपण एक पद्धत बसवली होती: चिठ्ठी आधी, गाठोडं मागून. खरं तर चिठ्ठी पाठवण्याआधी मोठी फाइल पोहोचवणारा एक पहारेकरी गिटजवळ असतो. तू त्याला तेवढ्यापुरतं बाजूला उभं करायचास आणि नुसत्या चिठ्ठ्या धाडायचास. मला त्या भोरला, माझ्या घरच्या जुन्या संगणकावर दिसायच्या. कुणाची हाक, कोणतं जनावर, हे वर्णन मी लगेच लिहायला घ्यायचे. तू किकवीला पोहोचलास की संध्याकाळी घरच्या इंटरनेटवरून गाठोडं पाठवायचास.

त्या सकाळीही तुझा फोन आला. "चिठ्ठ्या आल्या का? लिवायला घ्या. गाठोडं घरी गेल्यावर."

घरी तू गेलास. दुपारी छातीत कळ आली. पुण्याला दवाखान्यात नेताना रस्त्यातच सगळं संपलं.

गिटच्या दृष्टीनं चिठ्ठी पोहोचली म्हणजे मालही पोहोचला. म्हणूनच ड्राय रनमध्ये त्या फेरीच्या कच्च्या फाइली काढायला हरकत नसलेल्या म्हणून आल्या होत्या. साफ केलेल्या हाका वापरात असल्यामुळे वाचल्या असत्या. कच्च्या गेल्या असत्या, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

वाद मी जिंकले होते. सांगायला समोर तू नव्हतास.

चूक कुणाची, असा प्रश्न मंदानं नंतर विचारला. मी तिला सांगितलं ते तुलाही सांगते. पद्धत वाईट नव्हती. ती दर वेळी चालली, कारण तिचा उरलेला अर्धा भाग तू न विसरता, न कंटाळता पुरा करायचास. तिच्यात गृहीत धरलेली गोष्ट एकच होती, की संध्याकाळी तू घरी असशील. ती आपण दोघांनी गृहीत धरली होती आणि असं काही गृहीत धरलं आहे, हे दोघांच्याही लक्षात आलं नव्हतं.

पाठवण्याआधी त्यांतली एक कच्ची फाइल मी ऐकली. ठीक उतरली आहे का, ते तपासायचं होतं, असं म्हणू.

आधी वारा. मग घंटा. मग तू, "आबा, जरा थांबा, चालू करतोय."

आणि त्या म्हाताऱ्या माणसाचा आवाज, "मी थांबतो की. म्हस थांबती व्हय?"

मग त्यांची हाक, लांब आणि घोगरी. तुझ्या कापलेल्या आवृत्तीत एवढंच होतं. पण कच्ची पुढं चालू राहिली. ते विचारत होते, "तुझी आई कशी मारती रं?"

"माझी आई? ह्यी अशी." आणि तू हाक दिलीस. चांदीची. सुरुवातीला दाबून, मग मोकळी, आणि शेवटाला एकदम वर नेलेली. कुठलीच म्हैस आली नाही. आबा खोकत हसले. तूही हसलास आणि म्हणालास, "आईची घ्यायची हाय अजून. बाईंस्नी घिऊन जायचंय. घरचीच हाय, कवाबी घेऊ."

मग तू माइक बंद केलास.

मी ती पुन्हा लावली. आणखी एकदा लावली, या वेळी डोळे मिटून, जशी मी मुलांना चाल ऐकायला सांगायचे तशी. मग थांबले. रडायला बसले असते तर रविवार निघून गेला असता.

शुक्रवारचा सगळा दिवस पाठवण्यात गेला. दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली. गेलेलं गेलेलं राहतं आणि उरलेलं पुढं पाठवता येतं, ही त्या व्यवस्थेची चांगली सवय. शनिवारी सकाळी मी पुन्हा ताडलं. दूरच्या कोठारात आता काहीही कमी नव्हतं. त्यांतली आबांची फाइल जुन्या संगणकावर मागवून घेतली आणि लावून पाहिली. वारा, घंटा, "आबा, जरा थांबा". नुसत्या खुणा जुळल्या एवढ्यावर माझं समाधान होत नाही, हे तुला माहीत आहे. समाधान झालं, तशी तिथली ती प्रतही काढली. ती कुठे आहे, ते आता मला नक्की ठाऊक होतं.

मग काढण्याची वेळ आली. तुझ्या सगळ्या कच्च्या आवृत्त्या, तुझं "गप राहा जरा बाई, रेकॉर्डिंग चालू हाय", तुझं मध्येच शिंकणं, सगळं या यंत्राच्या पोटातून जाणार होतं. माझं बोट थोडा वेळ तसंच राहिलं. पण आता न काढण्याला एकही कारण उरलं नव्हतं. ताडून होईपर्यंत हात आखडणं ही काळजी होती. ताडल्यानंतरही आखडला असता तर ती नुसती भीती झाली असती, आणि तिच्यापायी तुझ्या आईची हाक गेली असती.

मी छाटणी केली, विठ्ठल. तू म्हणत होतास तशी. जागा मोकळी झाली.

रविवारी मंदा भल्या सकाळी आली. एसटीनं नसरापूर, तिथून जीपनं गुंजवणं आणि पुढं चढ. लॅपटॉप चादरीतच नेला. मंदा पुढं, मी मागं, दर वळणाला थांबत. खाली धरणाचं पाणी चढत्या उन्हात चमकत होतं. टेम्पो वाड्यापर्यंत येत नाही. तो खालच्या गाडीरस्त्यावर येऊन उभा होता आणि म्हशी घेणारा माणूस सावलीला बसला होता.

तुझी आई अंगणात होती. मला पाहून उठली. "बाई, ह्या पायानं कशाला आलासा? बसा."

मी कशाला आले ते सांगितलं. तिनं मान हलवली. "आज न्हाई निघायची हाक. घसाच ऱ्हायला न्हाई. म्हसरं त्या टेकाडाला हाईत, म्हसरं घेनारा दोर घिऊन जाईल आन आनंल."

मी आग्रह केला नाही. माइक काठीला बांधला, लॅपटॉप दगडावर ठेवला, चालू केला. समोरच्या उतारावर दोन्ही म्हशी चरत होत्या, माझ्याकडे पाठ करून. खालून टेम्पोच्या टपावर कुणीतरी थाप मारल्याचा आवाज आला.

मग मी उभी राहिले आणि तुझी हाक मारली.

जन्मभर वर्गात बोललेला गळा आहे माझा, आवाज दरीत गेला खरा. दाबून, मग मोकळी, आणि शेवटाला वर. म्हशींनी शेपटीसुद्धा हलवली नाही. दोन शेळ्यांनी चरणं सोडून माझ्याकडे पाहिलं. मंदानं पदर तोंडाशी धरला. तुझ्या तेराव्यानंतर तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

तुझी आई माझ्याकडे बघत राहिली. "ह्ये काय केलंसा, बाई?"

"चांदीची हाक."

"कुनी शिकिवली?"

"विठ्ठलनं."

"इठूनं?" तिचा आवाज चढला. "त्येला कवा आली ती! शेवटाला वर न्हेतुय, गाढव. ल्हानपनापास्नं सांगतीया. वर न्हेली की म्हस म्हनती, कायतरी आलं, पळा. खाली सोडायची. खाली. अंगनात टेकवायची. ह्यी अशी..."

आणि तिनं हाक मारली.

ती कशी होती ते मी लिहिणार नाही. ती आता ऐकायला आहे. चांदीनं मान वर केली, वळली आणि उताराला लागली. घाई न करता, थेट अंगणाकडे. आणि मोरी? मोरीनं मान हलवली नाही, विठ्ठल. जशी चरत होती तशीच चरत राहिली, चांदी अंगणात पोहोचेपर्यंत. मग आईनं तिची वेगळी हाक मारली, आखूड, दोन ठोक्यांची, आणि ती आली.

पुरावा मिळाला. उत्तर बरोबर होतं. आठवीतच बरोबर होतं.

खालून त्या माणसानं ओरडून सांगितलं, "मावशे, तशीच हाक मारत या की खाली! आपसूक चढत्याल गाडीत!"

"न्हाई," तुझी आई म्हणाली. तेवढ्यासाठी ती ओरडली नाही, मला सांगितल्यासारखं म्हणाली. "ह्यी घरला यायची हाक हाय. हिनं घालवायची न्हाई. दोर आना."

दोर तिनंच बांधले. चांदीच्या कपाळावरून हात फिरवला, मोरीच्या मानेवर थाप दिली आणि दोर त्या माणसाच्या हातात दिले. म्हशी गेल्या त्या दोराच्या ओढीनं गेल्या. त्या दृष्टीआड झाल्या. मी माइक बंद केला.

उतरताना एका वळणावर मंदाच्या मोबाईलला रेंज आली. ती थांबली. "ह्ये बी असंच एका वळनावनं पाठवायचे, व्हय बाई? चिठ्ठ्या?"

"हो."

"तुमी न्हाई पाठवत?"

"नाही. आता चिठ्ठी आणि गाठोडं एकदम. घरी गेल्यावर."

ती पुन्हा उतरायला लागली. मग म्हणाली, "त्ये ताडायचं कसं, त्ये मला दावा. तुमी पाठवा, मी ताडती. पाठवनाऱ्यानंच ताडू नये." तुला आणि मला एवढ्या फेऱ्यांत जे सुचलं नाही, ते तिला एका उतारात सुचलं. तुझी आई आता तिच्याकडे राहायला येईल. किकवीत, हायवेच्या कडेला, हाक मारायला जनावर नसेल. पण दर सुट्टीला मी येईन, आणि वाड्यावाड्यांच्या हाका त्या दोघींना ऐकवीन. कोण कुठं चुकतंय ते सांगायला तुझी आई आहे.

आपला दुसरा वादही मी माझ्यापुरता मिटवला आहे. ही फाइल कापणार नाही. माझी चुकलेली हाक, मंदाचं हसू, म्हशी घेणाऱ्याचं ओरडणं आणि तुला मिळालेलं ते "गाढव", सगळं तिच्यात राहील. कच्ची आवृत्ती हीच पक्की.

संध्याकाळी भोरला पोहोचल्यावर मी ती ठेवली आणि पाठवली. पहारेकऱ्याला त्याच्या जागेवर उभं ठेवून. मंदाला शेजारी बसवलं. तिनं एकेक अक्षर विचारत आज्ञा लिहिली आणि ताडून पाहिलं. काहीही कमी नाही. एक दिवस हीदेखील या यंत्रातून काढावी लागेल, कारण नव्या हाका येतील. त्या दिवशी माझं बोट थांबणार नाही.

गाठोडं पोहोचलं, विठ्ठल. ताडून पाहून सांगते आहे.